मातीची ओसरी, सिमेंटची खोली, लाकडी आलमारी: कशाला कोणता रंग?

आमचं वर्धा जिल्ह्यातलं घर दोन काळांत बांधलेलं आहे. समोरची ओसरी आणि देवघर आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लग्नाच्याही आधीचं, दीड हात जाड मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर विटा-सिमेंटचं. घरात लग्न निघालं तेव्हा सगळं घर एकाच रंगाने एका दमात उरकून घेतलं. मागच्या खोल्या अजून छान दिसतात. ओसरीचा रंग मात्र पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे धरून सुटला आणि जाताना मातीचा थरही घेऊन गेला. आत्याबाई आधीच म्हणत होत्या, "मातीच्या भिंतीले हवा लागते, तिचं तोंड कायले बंद करता?"

तेव्हापासून कोणी विचारलं की मी शेडकार्डाच्या आधी भिंतीबद्दल विचारते. भिंत मातीची आहे की सिमेंटची, पायाशी ओल चढते का, चुलीचा धूर लागतो का. नक्षी कोणती काढायची हे त्यानंतर.

मातीची आणि कुडाची भिंत

इथे निवड तिघांत आहे: शेणमाती सारवून वर पांढरी माती आणि गेरू, चुना, किंवा डब्यातला रंग. तिसरा मी सरळ बाद करते. मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि उन्हात हवेत सोडून देते. ऑइल पेंट किंवा इमल्शनचा (प्लॅस्टिक रंगाचा) पापुद्रा वरून बसला की ते पाणी आत अडकतं, पापुद्र्यामागे साठतं आणि त्याला ढकलून देतं. पेंटरचा हात कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

पांढरी माती आणि गेरू सगळ्यांत स्वस्त. डोळ्यांना थंड, आणि ओसरीला जो मऊ पांढरेपणा येतो तो डब्यातल्या रंगाला येत नाही. पण टेकून बसलं की पाठ पांढरी होते आणि दर दिवाळीला हात फिरवावाच लागतो. घरात ते करणारं कोणी असेल तरच हा मार्ग धरा. मुलं नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेली, घरी दोघंच म्हातारे, अशा ठिकाणी चुना बरा.

चुन्याचे खडे आणून विझवले तर तयार पुडीपेक्षा चांगला हात बसतो. पाण्यात खडे घातले की ते उकळतं, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लहान मुलं जवळ नकोत आणि डोळ्यांवर चष्मा हवा. रात्रभर, जमलं तर दोन-तीन दिवस मुरू द्यायचा, कापडातून गाळायचा, थोडं मीठ किंवा डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालायची. चुना हवा लागून घट्ट होतो, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर गेल्यावर तापलेल्या भिंतीवर चुना मारला तर पाणी लगेच उडतं आणि मागे नुसती भुकटी राहते. लग्न उन्हाळ्यातच असेल तर भिंत आधी पाण्याने भिजवा, आणि पश्चिमेची भिंत सकाळीच उरकून घ्या.

जमिनीपासून दीड-दोन फुटांचा गेरूचा पट्टा जरूर ठेवा. पागोळ्यांचे शिंतोडे तेवढ्याच उंचीवर उडतात, आणि दरवर्षी फक्त तो पट्टा ताजा केला तरी घर नवं दिसतं. पूर्वेला गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे पाऊस जास्त आणि भिंती बऱ्याचदा कुडाच्या. तिथे हा पट्टा कंबरेपर्यंत नेलेला चांगला.

आता सजावट. मातीच्या भिंतीवर रंगवलेलं चित्र पुढच्या वर्षीच्या चुन्याखाली जातं. मातीचंच उठावाचं काम मात्र राहतं, त्यावरून दरवर्षी चुना फिरला तरी आकार दिसत राहतो. सेवाग्रामची बापू कुटी एकदा या नजरेने पाहून या. गांधीजी 1936 मध्ये सेवाग्रामला राहायला आले, आणि कुटीच्या साध्या मातीच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेननी ताडाची झाडं आणि चरखा मातीतच उठवला. रंग जवळजवळ नाही, तरी भिंत रिकामी वाटत नाही. चिकण माती, शेण आणि बारीक भुसा एकत्र मळायचं, भिंत ओली करून बोटांनी चढवायचं, सावलीत सुकू द्यायचं. जाडी बोटभराच्या वर नेली की तडकतं. देवघराच्या कोनाड्याभोवती एक वेल, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक झाड, एवढं पुरे होतं. माझ्या मते मातीच्या घराला याच्याइतकी शोभेची सजावट दुसरी नाही.

सिमेंटच्या खोल्या

इथे खरी निवड डिस्टेंपर आणि इमल्शनमध्ये आहे. डिस्टेंपर स्वस्त, पण ओल्या फडक्याने पुसलं की फडक्यावर येतो. इमल्शन महाग, पण पोरांचे हात, तेलाचे डाग पुसता येतात. निजायची खोली, धान्याची खोली डिस्टेंपरमध्ये करा. बसायची खोली आणि स्वयंपाकघर इमल्शनमध्ये. नक्षी काढायची असेल त्या भिंतीला तर इमल्शनच घ्या. त्यावर स्टेन्सिलचा ठसा चुकला तर ओल्या फडक्याने लगेच टिपून काढता येतो. डिस्टेंपरवर तीच चूक पुसायला गेलं की खालचा रंगही निघतो आणि ढगासारखा डाग राहतो.

खर्चाचा अंदाज पेंटरवर सोडू नका. 10 बाय 12 फुटांची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे भिंती 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता 400 धरा. दोन हात मारायचे तर 800. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला साधारण 100 ते 150 चौरस फूट जातं, म्हणजे साडेपाच ते आठ लिटर लागेल. पुट्टी नसलेल्या खरबरीत प्लास्टरवर बरंच जास्त. म्हणून पैसे कमी असतील तर महाग रंग आणि अर्धवट पुट्टी यापेक्षा नीट पुट्टी आणि साधा रंग हा सौदा चांगला.

शेणापासून केलेला प्राकृतिक पेंटही अनेक जण विचारतात. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा हा रंग 12 जानेवारी 2021 रोजी बाजारात आला. डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन्ही रूपांत मिळतो, आणि सुरुवातीचा भाव अनुक्रमे लिटरला 120 आणि 225 रुपये होता. सिमेंटच्या खोलीसाठी तो जरूर विचारात घ्या. पण नावात शेण आहे म्हणून त्याला सारवण समजू नका. मातीच्या भिंतीवर लावायचाच असेल तर हातभर तुकड्यावर लावून एक पावसाळा जाऊ द्या.

आपल्या काळ्या मातीचा त्रास इथे लपत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्यासोबत हलतं. दरवर्षी त्याच जागी उघडणारा तडा कोणत्याही रंगाने बुजत नाही. मोठ्या, एकरंगी, चकचकीत भिंतीवर तो लांबून दिसतो. मॅट रंग आणि भरलेली नक्षी असेल तर नजर तिथे अडकत नाही. टेक्स्चर, म्हणजे मुद्दाम खरबरीत ठेवलेला रंग, बारीक तडे झाकतं खरं, पण मी ते सुचवत नाही. त्या खाचांत शेतातली धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात, झाडूने निघत नाहीत, आणि उद्या नको झालं तर खरवडायची मजुरी वेगळी.

ओल तपासायला एक साधी रीत आहे. पायाजवळ फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर रंगाची घाई करू नका. पावसाळा सरला तरी भिंतीचा पाय बराच काळ ओला असतो, आणि दिवाळीच्या गर्दीत हे कोणी पाहत नाही. नव्या प्लास्टरलाही निदान महिनाभर सुकू द्या.

हाताने चित्र, स्टेन्सिल की स्टिकर

स्टिकर आणि चिकटवायचे कागद मी वापरून पाहिले. उन्हाळ्यात कडा उचलल्या, पावसाळ्यात फुगे आले. भाड्याच्या खोलीत वर्षभरासाठी ठीक, स्वतःच्या घरात नको.

हाताने काढलेलं चित्र सगळ्यांत सुंदर, पण काढणारा तसा हवा. आता घरोघरी वारली दिसते. ती मूळची पालघर-डहाणूकडची, गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. आवडत असेल तर काढा, चांगलीच दिसते. मला मात्र आपल्या दारी आपलं दिसावं असं मनापासून वाटतं. पोळ्याला सजवलेली बैलजोडी, फुटलेलं कापसाचं बोंड, पळसाचं फूल, आत्याबाई रांगोळीत काढतात तो चौक. हे आकार सोपे आहेत आणि ओळखीचे आहेत.

हात बसलेला नसेल तर स्टेन्सिल. बाजारातल्या तयार स्टेन्सिलांत परदेशी फुलं आणि पिसंच जास्त असतात. त्यापेक्षा घरातल्या जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर आपला आकार काढून ब्लेडने कापा. कापसाचं बोंड मी असंच कापलं. रंग पातळ करायचा नाही, स्पंजला अगदी थोडा घ्यायचा, आधी कागदावर टिपायचा, मग भिंतीवर थापटायचा. ओला स्पंज असला की रंग कडेखाली शिरतो आणि आकार फिसकटतो. पूर्ण भिंत भरू नका. खिडकीभोवती किंवा छताखाली एक पट्टी काढली की खोली बदलते.

आलमारी

भिंतीतली लाकडी दारांची आलमारी, देवघराचं फडताळ, ओट्याखालची कपाटं इथे बदल सगळ्यांत जास्त दिसतो आणि चूकही लवकर दिसते. जुन्या लाकडी दारांना ऑइल पेंट की पाण्याचा एनॅमल, म्हणजे पाण्यात कालवायचा चकचकीत रंग?

ऑइल पेंट कडक बसतो, स्वयंपाकघरातला हात-तेल सोसतो. पण वास चार दिवस राहतो, दुसरा हात दुसऱ्या दिवशीच, आणि पांढरा ऑइल पेंट बंद अंधाऱ्या जागी पिवळा पडतो. आमच्या फडताळाचं आतलं पांढरं दोन वर्षांत तुपासारखं झालं. म्हणून बाहेरून ऑइल पेंट, आतून पाण्याचा एनॅमल असं मी सुचवते. पाण्याचा एनॅमल दोन-चार तासांत सुकतो, वास कमी, पांढरा पांढराच राहतो. घरात तान्हं बाळ किंवा दम्याचं माणूस असेल तर दोन्हीकडे तोच लावा. कोणताही असो, वरून सुकला म्हणजे आतून घट्ट झाला असं नाही. आठवडाभर डबे ठेवू नका, खाली अंथरलेला कागद रंगाला चिकटून बसतो.

घासणं टाळू नका. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा, सुकू द्या, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पकडीचा हात. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. म्हणून अशी दारं कोरडी घासू नका. पाणी लावून घासा, तोंडाला नुसतं फडकं नको, नीट मास्क बांधा, आणि मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

लाकडाला उधई (वाळवी) लागली असेल तर आधी तिचा बंदोबस्त. वरून रंगवलेली पोकळ फळी सहा महिन्यांत डबे घेऊन खाली येते. सनमायकाच्या दारांवर साधा प्रायमर धरत नाही, नखाने निघतो. त्यासाठी पकड देणारा खास प्रायमर मागा, आणि तो तालुक्याला मिळत नसेल तर ती दारं तशीच राहू द्या. लोखंडी आलमारीचा गंज घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारला की ऑइल पेंट वर्षानुवर्षं टिकतो. तिच्यावर नक्षीही फार छान उठते.

चुलीजवळच्या भिंतीचं राहिलं. काजळी धुतल्याशिवाय वर काहीही मारलं तरी पिवळे डाग पुन्हा वर येतात. सोड्याच्या पाण्याने दोनदा धुवा, आणि भिंत मातीची असेल तर काजळी खरवडून नवं सारवण करा.

यंदा दसऱ्यानंतर ओसरीचा उरलेला पापुद्रा खरवडायला घेतोय. आधी सारवण, ते पूर्ण सुकलं की चुन्याचे दोन हात, खाली गेरू. कोनाड्याभोवतीची वेल आत्याबाई स्वतः उठवणार आहेत, त्यासाठी तळ्यातली चिकण माती आत्ताच भिजत घातली आहे.