सत्कारात मिळालेलं सर्पमित्र किट: एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

शाली माझ्या घरी सहा आहेत. दोन आई देवळात जाताना घेते, एक कपाटात आहे, बाकीच्यांचा हिशोब बायकोकडे. त्यामुळे १ मेला आमदारांच्या हस्ते सत्कार आहे असा फोन आला, तेव्हा सातवीची तयारी ठेवूनच मी तालुक्याला गेलो. पेशाने मी वायरमन. सिंधुदुर्गात राहतो आणि गेली चौदा वर्षं घराघरांतून साप धरून रानात सोडतो.

कार्यक्रम दहाचा होता, सुरू साडेबाराला झाला. त्यावर जास्त लिहीत नाही. माझ्यासोबत जुलै २०२१ च्या पुरात होडी घेऊन चिपळूणला गेलेली दोन पोरं होती, १०८ रुग्णवाहिकेचा चालक होता, एक आशाताई होत्या आणि महामार्गावर अपघात झाला की पहिला धावणारा पंक्चरवाला होता. निवेदकाने माझी ओळख 'सर्पदंशमित्र' अशी करून दिली. पोरं अजून त्याच नावाने हाक मारतात.

पण या वेळी शालीऐवजी प्रत्येकाला त्याच्या कामाचं सामान दिलं. मला मिळाली ती काळी मोठी बॅग. जून ते सप्टेंबर मी ती रोज गाडीला बांधून फिरवली, म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे पाइप लावलेली कापडी पिशवी. दिसायला काहीच नाही: जाड सुती कापडाची लांब पिशवी, तोंडाला तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा. पण सापाला अंधारं बीळ दिसलं की तो आपणहून आत जातो, तुम्ही फक्त हुकाने हलकेच वाट दाखवायची. मान धरायची नाही, शेपूट उचलायची नाही, बघणाऱ्यांसमोर मर्दुमकी गाजवायची नाही. जुलैत एका मांगरातून, म्हणजे शेतातल्या खोपीतून, साडेचार फुटी नाग असाच चार मिनिटांत आत गेला. जमलेल्या लोकांना हे अजिबात आवडलं नाही, त्यांना फणा बघायचा होता. एवढंच लक्षात ठेवा की घोणस कापडातूनही दात मारते, त्यामुळे भरलेली पिशवी झाकणाच्या बादलीतच ठेवायची. बादली किटमध्ये नाही. मी घरची रंगाची बादली वापरतो. फुरशाला पिशवीही नको, रुंद तोंडाची बरणी बरी.

हूक मात्र साधारण. अ‍ॅल्युमिनियमचा आहे, हलका आहे, पण सात फुटी धामण उचलताना टोक वाकलं. फुरसं, मण्यार असल्या लहान जनावरांना पुरतो. मोठ्यांसाठी माझा जुना लोखंडी हूकच बाहेर काढावा लागला. चिमटा दिला नाही हे मला फार आवडलं. चिमट्याने दाबलं की सापाच्या बरगड्या मोडतात, वरून दिसत नाही आणि सोडल्यावर तो मरतो. सामान निवडताना कुणीतरी जाणत्याला विचारलं असणार, असं तेव्हा वाटलं.

हे मत प्रथमोपचाराचा डबा उघडेपर्यंतच टिकलं. आत आवळायची रबरी पट्टी, ब्लेड आणि पोटॅशियम परमँगनेटची पुडी! म्हणजे आमच्या आजोबांच्या काळातला उपचार. पट्टी आवळली की फुरशाचं, घोणशीचं विष एका जागी साचून तिथलं मांस कुजतं. ब्लेडने कापलं तर विषामुळे आधीच न गोठणारं रक्त थांबतच नाही. सर्पदंशाला घरी करायचं ते इतकंच: माणसाला धीर द्यायचा, अंगठी-बांगडी काढायची, चावलेला हात किंवा पाय मोडक्या हाडासारखा फळी लावून स्थिर ठेवायचा, चालायला न लावता दवाखाना गाठायचा. मी तो डबा घेऊन आमदारांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या पोराने आधी 'साहेब दौऱ्यावर आहेत' ऐकवलं, पण डबा टेबलावर उघडून समजावल्यावर पुरवठादाराला माझ्यासमोर फोन लावला. पंधरा दिवसांनी फळ्या आणि साध्या पट्ट्या आल्या. इतर तालुक्यांत गेलेले डबे बदलले का, हे विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. तुमच्याकडे असलं किट आलं असेल तर पहिलं काम म्हणून पट्टी आणि ब्लेड बाहेर काढा.

गमबूट दणकट आहेत. आमच्याकडे फुरसं चिऱ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात), कातळावर, पायाशीच असतं आणि बहुतेकदा घोट्याच्या आसपास चावतं, तेव्हा बूट हवेतच. सगळ्यांना नऊ नंबर दिलाय, माझा सात. दोन मोजे घालतो. हेडलॅम्प भर पावसातही टिकला. चामडी हातमोजे मी पहिल्याच दिवशी काढून ठेवले. त्यांनी बोटांना काही कळत नाही आणि उगाच धीर येतो. सध्या ते शेजारी फणस काढताना वापरतात.

आता जाकीट. चमकत्या पट्ट्यांचं आहे, रात्री रस्त्यावर उपयोगी. पाठीवर आमदारांचं नाव वीतभर अक्षरांत आणि खाली 'सर्पमित्र' बोटभर. ऑगस्टमध्ये रात्री दोनला फोन आला, "वायरमन, लवकर येवा, पडवीत जनावर आसा." गेलो, मण्यार होती. अंथरुणापासून हातभर अंतरावर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात, म्हणून घाम फुटला होता. बरणीचं झाकण लावून वळतो तोच म्हातारी म्हणाली, "तुझ्या पाठीर आमदाराचा नाव आसा, मगे आमच्या वाडीचो रस्तो कधी होतलो ता सांग." मी काय सांगणार? तेव्हापासून जाकीट उलटं घालतो.

मंचावर आमदारांनी मला विचारलं होतं, "अजून काय पाहिजे?" माइक समोर होता, बोलून गेलो: साप धरायचं सामान माझ्याकडे आहे, रुग्णालयात सर्पदंशावरची लस (प्रतिविष) आहे का तेवढं बघा. दोन वर्षांपूर्वी एका पेशंटला लस संपली म्हणून पुढे पाठवलं होतं. तो दीड तासाचा प्रवास मी गाडीत बसून केलाय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारी लस एकच असते, पण एक बाटली म्हणजे उपचार नव्हे. सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या शिरेतून द्याव्या लागतात. साठा दोन-चार बाटल्यांचा असेल तर तो नसल्यासारखाच.

जूनमध्ये त्यांनी खरोखर बैठक घेतली, असं आशाताईंकडून कळलं. ऑगस्टच्या शेवटी गवत कापताना एका काकींच्या बोटाला फुरसं चावलं. मला साप धरायला बोलावलं होतं. मी म्हटलं, साप राहू दे, आधी काकींना उचला. ग्रामीण रुग्णालयात कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. गोठलं नाही, म्हणजे विष अंगात भिनलं होतं. डॉक्टरांनी लगेच लस सुरू केली आणि बाटल्या तिथल्याच फ्रिजमधल्या होत्या, दहाच्या दहा. काकी पाचव्या दिवशी घरी आल्या. ही लस किटमध्ये नव्हती, पण पूर्ण गुण द्यायचेच तर मी ते हिलाच देईन.

बॅगेसोबत नोंदवही दिलीय तीही कामाची. साप कुठे मिळाला, कुठे सोडला, वेळ, जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे साप घरी ठेवता येत नाही, वनखात्याला कळवावं लागतं, तेव्हा वनरक्षकाला वहीचं पान दाखवलं की काम होतं. आमच्यातल्या हौशी पोरांनी ती भरली तर बरं, त्यांच्याकडे फक्त गळ्यात नाग घेतलेले फोटो असतात. ज्यांच्या गावात सर्पमित्र नाही त्यांनी वनखात्याचा १९२६ हा नंबर लिहून ठेवावा.

किटला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या डब्याने खाल्ला, अर्धा हुकाने, अर्धा जाकिटाने. पुढच्या १ मेला पुन्हा बोलावलं तर सात नंबरचे गमबूट आणि झाकणाची बादली मागणार आहे.