‘ज्युरासिक बार्क’: हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारा भाग

‘फ्युचरामा’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचा २००२ साली प्रसारित झालेला ‘ज्युरासिक बार्क’ हा भाग माझ्या मते संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम भागांपैकी एक आहे. हजार वर्षे गोठून भविष्यात जागा झालेल्या फ्रायला संग्रहालयात आपल्या सीमोर या कुत्र्याचा जीवाश्म सापडतो आणि प्राध्यापक फार्न्सवर्थ त्याला पुन्हा जिवंत करण्याची तयारी करतात. सीमोर पंधरा वर्षे जगला, म्हणजे आपल्यामागे आणखी बारा वर्षे, हे यंत्राने सांगताच तो आपल्याला विसरून सुखाने जगला असेल असे मानून फ्राय तो प्रयोग स्वतःच थांबवतो. प्रत्यक्षात सीमोरने ती सगळी वर्षे पिझ्झाच्या दुकानासमोर, ऋतू पालटत असताना, धन्याची वाट पाहण्यात घालवली, हे केवळ प्रेक्षकालाच कळते. एकही संवाद नसलेली ती दृश्यमालिका काळजाला घरे पाडते. बेंडर या यंत्रमानवाच्या मत्सराचे उपकथानक मात्र थोडे लांबले आहे, तरी जीवाश्म लाव्हात फेकल्यावर त्याला होणारा पश्चात्ताप मनापासूनचा वाटतो. मालिका पूर्वी पाहिली नसली तरी हा भाग स्वतंत्रपणे समजतो. लहान मुलांसोबत पाहणार असाल, तर शेवटी त्यांच्याजवळ बसा.