मुकुटवाली चिप आणि दोन डेसिबल

डीएसी, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा, घेताना मी फसलो त्याला आता बरेच महिने झाले. तेव्हाच लिहिलं असतं तर सगळा मजकूर त्या विकणाऱ्याला शिव्या घालण्यात गेला असता. आता राग निवळलाय, तेव्हा त्याने नेमकं काय केलं ते नीट सांगता येईल. ते सांगायलाच हवं, कारण ऐकवताना त्याने माझ्या डोळ्यांदेखत एकही खोटी गोष्ट केली नाही.

माझ्याकडे आधीचा एक छोटा, साधा डीएसी होता. संगणकातून किंवा सीडी प्लेअरमधून आकडे घ्यायचे, त्यांचा विद्युत सिग्नल करायचा आणि अॅम्प्लिफायरला द्यायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो बिनतक्रार करत होता. तक्रार माझ्या डोक्यात होती. जुन्या मल्टिबिट (सगळे बिट एकदम वाचणाऱ्या) चिपांचा आवाज ‘अॅनालॉग’ वाटतो, नव्या चिपा कोरड्या वाटतात, असं वर्षभर वाचून वाचून मला माझा डीएसी खरोखरच कोरडा वाटायला लागला होता.

या वेडाचं मूळ एका चिपमध्ये आहे. १९८२ साली सीडी आली ती १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या मापाने. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरांत मात्र चिप १४ बिटचीच होती. चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे मधले नमुने गणिताने भरून नमुने चौपट करून, त्यांनी ती उणीव भरून काढली. पुढे त्यांची १६ बिटची टीडीए १५४१ आली आणि मग तिची सुधारित ‘ए’ आवृत्ती. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांचा जिना. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात, आणि सिलिकॉनमध्ये ते साधणं महाकठीण. म्हणून तयार झालेल्या चिपा तपासून ज्यांच्या पायऱ्या जास्त सरळ निघाल्या त्यांच्यावर एक मुकुट छापत, ती एस १. त्याहून सरस निघालेल्यांवर दोन मुकुट, ती एस २. हे उत्पादन कधीच बंद झालंय. माल संपलेला, मागणी जिवंत, आणि सगळा भाव एका छापील मुकुटाचा. खोट्या मालाला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही, हे मला तेव्हाही कळायला हवं होतं.

जुनी ऑडिओ उपकरणं विकणाऱ्या एका गृहस्थाकडे अशी मुकुटवाली चिप बसवलेला डीएसी आहे असं कळलं. फोन केला. “शेवटचा नग उरलाय साहेब, तुम्ही आधी ऐका, मग बोलू,” एवढंच तो म्हणाला. किमतीचा विषयही काढला नाही. माझा डीएसी बरोबर घेऊन यायलाही त्यानेच सांगितलं. मला ते फार प्रामाणिकपणाचं वाटलं.

त्याने दोन्ही डीएसी एकाच अॅम्प्लिफायरला जोडले, एकाच सीडी प्लेअरची डिजिटल वायर आलटून पालटून दोघांना लावली आणि सिलेक्टर फिरवून ऐकवायला लागला. माझा वाजला. मग त्याचा वाजला. गायकाचा आवाज एकदम पुढे आला, बास भरदार झाला, मागची तंबोऱ्याची आस स्पष्ट ऐकू यायला लागली. पुन्हा माझा लावला, तर सगळं विझल्यासारखं. तरी मी शहाणपणा करून विचारलं, “आवाज वाढवला नाहीत ना?” तो हसला. “नॉबला हात लावलाय का, तुम्हीच बघा.” खरंच लावला नव्हता. माझी नजर त्या नॉबवरच होती.

मग त्याने झाकण उघडून दाखवलं. मधोमध ती लांबट २८ पायांची चिप, तिच्यावर मुकुट, आणि भोवती छोट्या कपॅसिटरांची रांग. “हे चौदा कपॅसिटर खास निवडून बसवलेत,” तो म्हणाला. मी मान डोलावली. नंतर वाचलं तेव्हा कळलं की या चिपच्या आतल्या रचनेलाच प्रत्येक चॅनेलसाठी सात असे चौदा कपॅसिटर लागतात. ते नसतील तर चिप नीट चालणारच नाही. चारचाकीला चार चाकं खास बसवलीत म्हणण्यासारखंच हे.

आणखी दोन शब्द त्याने सफाईने फिरवले. “एनओएस आहे,” तो म्हणाला. ऑडिओच्या भाषेत या अक्षरांचे दोन अर्थ होतात: ओव्हरसॅम्पलिंग न करणारा डीएसी, किंवा जुन्या काळात बनलेला पण कधीच न वापरलेला सुटा भाग. मी विचारलं, “म्हणजे कुठलं?” तो म्हणाला, “दोन्ही.” दुसरं म्हणजे पुढच्या पट्टीवर ‘२४ बिट १९२’ (म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुने) असा दिवा होता. तो पेटलेला पाहून मी खूश झालो. टीडीए १५४१ए ही १६ बिटची चिप आहे हे मला पाठ होतं, तरी खूश झालो! तो दिवा फार तर आत काय घेता येतं ते सांगतो. खालचे आठ बिट चिपपर्यंत पोचतच नाहीत. एकाच डब्यावर केलेले दोन दावे एकमेकांना खोटं पाडत होते आणि मी पैसे मोजत होतो. रक्कम सांगत नाही. तेवढ्यात स्पीकरची चांगली जोडी आली असती, ती मला जास्त गरजेची होती.

पहिले दोन आठवडे स्वर्ग होता. मग एकदा सहज म्हणून जुना डीएसी परत लावला आणि सवयीने नॉब थोडा वर नेला. गंमत म्हणजे आवाज कोरडा वाटला नाही. तोच भरदारपणा, तीच तंबोऱ्याची आस. तिथे शंकेची पाल चुकचुकली.

मोजायला महागडं काही लागत नाही. १०० हर्ट्झचा साधा चाचणी सूर पूर्ण पातळीवर वाजवायचा आणि डीएसीच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा. (१,००० हर्ट्झचा सूर घेऊ नका, स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचं दाखवतात.) माझ्या जुन्या डीएसीने २ व्होल्ट दाखवले, घरगुती उपकरणांत सर्वसाधारणपणे एवढेच असतात. मुकुटवाल्याने दाखवले २.५. हिशोबाने हा फरक जवळजवळ २ डेसिबलचा होतो.

सगळी मेख इथे आहे. पाच-सहा डेसिबलचा फरक असेल तर कोणीही सांगेल की आवाज मोठा झाला. पण एखाद-दोन डेसिबलचा फरक कानाला बहुधा मोठेपणा म्हणून कळत नाही, तो ‘चांगला’ म्हणून कळतो. बास जास्त, तपशील जास्त, गायक जवळ. चिपनंतरच्या टप्प्यात एक रेझिस्टर बदलला की आउटपुट वाढवता येतं. म्हणजे नॉबला हात न लावता आवाज वाढवण्याचं काम डब्याच्या आत आधीच होऊन बसलेलं होतं. हे त्याने मुद्दाम केलं की त्याला तो डबाच तसा मिळाला, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझा डीएसी घेऊन यायचा आग्रह त्याचाच होता.

मग दोन्हींची पातळी मल्टिमीटरने जुळवली आणि लेकीला सिलेक्टरपाशी बसवलं. नाणं उडवून ती ठरवणार, मी पाठ करून ऐकणार आणि कुठला वाजतोय ते सांगणार. सोळा वेळा केलं. नऊ वेळा बरोबर आलो. नाण्यालाच विचारलं असतं तर त्यानेही साधारण तेवढंच सांगितलं असतं. “बाबा, तुम्ही अंदाजाने सांगताय ना?” लेक म्हणाली. हो.

ओव्हरसॅम्पलिंग न करणाऱ्या डीएसीत वरच्या पट्टीचे सूर थोडे दबतात: १०,००० हर्ट्झला पाऊण डेसिबल, २०,००० हर्ट्झला तीनच्या थोडं वर. ज्याला ‘उबदार अॅनालॉग आवाज’ म्हणतात त्यातला बराच भाग हाच असावा असं माझं मत आहे. तरुण कानांना तो फरक झांजेच्या आवाजात कदाचित कळेल. माझ्या वयात बारा-तेरा हजारांच्या वरचं तसंही फारसं ऐकू येत नाही.

एवढं झाल्यावर चिपही बघायची ठरवली. ती सॉकेटमध्ये होती, हळूच उचलली. ‘कधीच न वापरलेल्या’ चिपच्या पायांवर जुन्या सोल्डरचे थर होते. म्हणजे ती कुठल्या तरी जुन्या सीडी प्लेअरमधून उपटलेली. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला तर मुकुट कापसावर आला. नुसती शाई पुसली गेली म्हणून चिप खोटी ठरत नाही, मूळ छपाईही शाईची असू शकते. पण मुकुटाखाली पॉलिशपेपरने घासल्याचे सरळ समांतर ओरखडे होते, आणि एका कोपऱ्यात आधीच्या छपाईची दोन अक्षरं अर्धवट उरली होती. साधी टीडीए १५४१ए असावी. वाजते उत्तम. फक्त भाव मुकुटाचा लावलेला.

चिप उचलण्याआधी फोटो काढले नाहीत, ही माझी दुसरी घोडचूक. त्या गृहस्थाला फोन केला तेव्हा तो जराही चिडला नाही. “साहेब, झाकण तुम्ही उघडलंत, चिप तुम्ही काढलीत. आता आत कुठली चिप आहे ते मी कसं सांगणार?” पावती काढून पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘डीएसी, १ नग’. मुकुट, एस १, न वापरलेली, २४ बिट, हे सगळं फक्त तोंडी झालेलं. आज असा सौदा करायचा झाला तर चिपचं पूर्ण नाव पावतीवर लिहून घेईन, आणि किती दिवसांत परत घेणार तेही. विकणारा लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर तिथूनच मागे फिरेन. ऐकायला जाताना मल्टिमीटर आणि चाचणी सुराची फाइल खिशात असेल. लाज वाटते खरी, पण दोन मिनिटांचं काम आहे. पातळी जुळवल्यावर ज्या डीएसींत फरक ऐकू येत नाही, त्यांत मी हवे ते सॉकेट कुठल्याला आहेत, यूएसबी अडखळत नाही ना, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार, एवढंच बघेन.

चिपवरच्या मुकुटाचा, पुसण्याआधीचा, एकच फोटो माझ्याकडे निघाला. घेतला त्या दिवशी कौतुकाने मित्राला पाठवलेला. त्यात मुकुट किंचित डावीकडे कललाय. गेल्या आठवड्यात त्याच मित्राने मला एक फोटो पाठवला. त्याच्या ओळखीतला एक जण डीएसी घ्यायच्या बेतात होता. तोच गृहस्थ, तसाच डबा, चौदा कपॅसिटरांची रांग, आणि तस्साच डावीकडे कललेला मुकुट. खाली लिहिलं होतं, ‘शेवटचा नग’.