पहाटे पावणेसहाला उघडणारे दार : भुसावळच्या एका पाळणाघराविषयी

भुसावळला रेल्वे वसाहतीच्या मागच्या अंगाला, एका जुन्या बैठ्या घरात चालणाऱ्या पाळणाघरात माझी दोन्ही मुले जून २०१९ पासून जाऊ लागली. तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता आणि धाकटी दीड वर्षाची. मुलगा आता स्वतःची किल्ली घेऊन घरी येण्याएवढा मोठा झाला आहे. धाकटी मात्र शाळा सुटली की आजही तेथेच जाते. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. आपले नाव छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे मी ते देत नाही, पण वसाहतीत कोणालाही विचारले तरी घर सापडते. बदली होऊन आलेल्या, पाळीची नोकरी करणाऱ्या आईवडिलांनी मला या जागेबद्दल अनेकदा विचारले आहे आणि दर वेळी उभ्या उभ्या दिलेल्या उत्तरात महत्त्वाचे काही तरी राहून गेले आहे, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

मी जळगावच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझे पती मालगाडीवर लोको पायलट आहेत. त्यांना कॉल, म्हणजे कामावर येण्याचा निरोप, रात्री दोन वाजताही येतो आणि सकाळी अकरालाही, आणि एकदा गाडी घेऊन गेले की खंडव्याच्या किंवा बडनेऱ्याच्या रनिंग रूममध्ये विश्रांती घेऊन परतेपर्यंत कधी कधी दीड दिवस उलटतो. माझ्या तीन पाळ्या दर आठवड्याला बदलतात, आणि भुसावळ ते जळगाव हे २५ किलोमीटरचे अंतर धरले तर सकाळच्या पाळीसाठी मला सहाच्या आत घर सोडावे लागते. सर्वसाधारण पाळणाघर नऊला उघडते आणि सहाला बंद होते. सरकारच्या २०२२ पर्यंतच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेतही महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे साडेसात तास एवढाच वेळ धरलेला होता. २५ मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस ही तिची रचना दिवसा कामाला जाणाऱ्या आईचा विचार करून केलेली होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटून येण्याची मुभा दिली, ही फार मोलाची गोष्ट आहे. परंतु पंधरा-वीस खाटांची खासगी रुग्णालये या संख्येत बसत नाहीत, आणि रात्रपाळीच्या आईचे मूल तर कोणत्याच हिशेबात येत नाही. अशा घरांचा सगळा भार काकूंसारख्या एखाद्या बाईवर येऊन पडतो.

मार्च २०२० च्या मध्यावर शाळांना कुलपे लागली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि प्रवासी गाड्या थांबल्या. मालगाड्या मात्र थांबल्या नाहीत, कारण धान्य, खत आणि वीज केंद्रांचा कोळसा त्यांच्यावरच अवलंबून होता. ज्या फलाटांवर रात्रंदिवस गर्दी असते ते भुसावळ स्थानक इतके शांत झाले की वसाहतीतल्या मुलांना प्रत्येक भोंगा वेगळा ऐकू येऊ लागला, आणि माझा मुलगा प्रत्येक भोंग्याला विचारी, ‘‘पप्पांची गाडी का?’’ आम्ही दोघेही अत्यावश्यक सेवेत होतो आणि दोघांकडेही ओळखपत्र व प्रवासाचा पास होता; त्या काळात आमच्या मुलांना कोण सांभाळणार, हा रकाना मात्र त्या अर्जात नव्हता. सासूबाई यावल तालुक्यातल्या गावी असतात, त्यांना मधुमेह आहे, आणि कोविड वॉर्डात काम करणाऱ्या सुनेच्या घरातून मुले त्यांच्याकडे पाठवण्याचे धाडस आम्हाला झाले नाही. त्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातील रुग्णांचा मृत्युदर राज्याच्या सरासरीहून पुष्कळ जास्त होता आणि मी तो वॉर्डात रोज डोळ्यांसमोर पाहत होते. इंग्लंडमध्ये २० मार्च २०२० नंतर शाळा बंद केल्या गेल्या तेव्हा परिचारिका, पोलीस, अन्नपुरवठ्यातील कामगार अशांच्या मुलांसाठी शाळांची दारे उघडी ठेवली गेली होती. आपल्याकडे तसा विचार निदान तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेत तरी व्हायला हवा होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

काकूंचे पाळणाघर नियमाप्रमाणे बंद झाले. एरवी तेथे अठरा मुले असत. त्यांतली पंधरा आपापल्या घरी राहिली, कारण त्यांचे आईवडील घरी होते. उरलेली तीन म्हणजे माझी दोन आणि पोलीस दलातल्या एका ताईंचा मुलगा. मी विचारायला गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण मी एका पंचावन्न वर्षांच्या बाईकडे काय मागत आहे हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होते. काकू म्हणाल्या, ‘‘पाळणाघर बंद आहे, सिस्टर, माझं घर बंद नाही. पोरं आणा.’’ त्यांच्या या निर्णयाचे मी येथे गुणगान करणार नाही, कारण त्या स्वतःच ते थांबवतील. त्यांनी ते काम कसे केले एवढेच सांगते, कारण त्यातूनच जागेची पारख होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी उंबरठ्याचा नियम घातला. मी किंवा माझे पती उंबरठ्याच्या आत येणार नाही, मुले जाळीच्या दारातून आत जातील, आणि त्यांचे कपडे मागच्या दारी गरम पाण्याच्या बादलीत पडतील. प्रत्येक मुलाच्या ताटावर आणि पेल्यावर खिळ्याने नावाचे पहिले अक्षर कोरले गेले; धाकटीचा तो स्टीलचा पेला आजही आमच्या घरी आहे. आणि लाल कापडी बांधणीची एक वही सुरू झाली, किराणा दुकानात जमाखर्चाला असते तशी. तिच्यात प्रत्येक मुलाची आल्याची वेळ, अंगाचे तापमान, काय खाल्ले, किती झोपले, अभ्यास कोणता झाला आणि घेऊन कोण गेले, अशी सहा रकान्यांत नोंद असे. मी पाळी संपवून आले की पायरीवर उभी राहून जाळीतून ती वही वाचत असे. ‘‘दुपारी अर्धी कळण्याची भाकरी, दोन केळी, रडली नाही’’ एवढ्या ओळीने माझा जीव भांड्यात पडे. सात दिवस कोविड वॉर्ड आणि त्यानंतरचे विलगीकरण असे ज्या वेळी मला घरी येता आले नाही, त्या वेळी काकू रात्री नऊ वाजता त्या पानाचा फोटो पाठवत आणि त्यांचे ते किरटे अक्षर मी मोठे करून वाचत असे.

शाळेच्या हजेरीबद्दल मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे, कारण या काळात आईवडिलांची सर्वांत मोठी कोंडी तेथे झाली आणि तिच्याविषयी फारसे बोलले गेले नाही. जून २०२० मध्ये मुलाचे नाव पहिलीत घातले. शाळेचे नाव मी देत नाही. तेथील शिक्षिकाही स्वतःच्या मुलांना मांडीवर घेऊन शिकवत होत्या, हे मला ठाऊक आहे. सकाळी साडेआठला वर्गाच्या गटावर शिक्षिका त्या दिवसाचा पाठ टाकत, आणि नऊ वाजेपर्यंत मुलाने ‘हजर’ असे लिहून वहीचा फोटो पाठवला तर हजेरी लागे. ही व्यवस्था ज्या घरात आई, वडील किंवा त्यांचा फोन सकाळी नऊला हजर आहे, त्या घरासाठी होती. शाळेत नोंदवलेला क्रमांक माझा होता, आणि माझा फोन सकाळी आठ वाजता वॉर्डाबाहेरच्या कपाटात बंद होई, कारण संरक्षक पोशाख चढवल्यावर तो जवळ ठेवता येत नसे. पती गाडीवर असताना त्यांना फोन वापरण्याची परवानगी नाही. परिणामी जुलै महिन्याच्या प्रगतीपत्रकासोबत जो कागद आला, त्यावर माझा मुलगा बावीस दिवसांपैकी तेरा दिवस गैरहजर होता. ते सर्व तेरा दिवस तो काकूंच्या ओसरीवर बसून पाठ गिरवत होता आणि त्याच्या नोंदी लाल वहीत होत्या.

काकूंनी ती वही पिशवीत घातली, मुखपट्टी लावली आणि स्वतः शाळेत जाऊन मुख्याध्यापकांसमोर उघडली. त्यानंतर हजेरीच्या गटात काकूंचा क्रमांक घेतला गेला, आणि ज्यांचे पालक कामावर आहेत त्यांनी रात्री नऊपर्यंत पाठवलेला अभ्यास धरला जाईल, असे शाळेने मान्य केले. पाळणाघर हे केवळ जेवू-खाऊ घालून झोपवण्याचे ठिकाण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही एक गोष्ट लक्षात घ्यावी. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली, तेव्हा काकूंनी दूरदर्शन संच माजघरातून ओसरीवर आणला, आणि ज्या दिवशी फोनला जाळे मिळत नसे त्या दिवशी मुलांचा अभ्यास त्यावरच होई.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत गंभीर घटना एप्रिल २०२१ मधली, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरातली. एके दिवशी संध्याकाळी मी वही वाचली तेव्हा दुपारी एकच्या रकान्यात धाकटीच्या नावापुढे १०१ अंश ताप लिहिलेला होता. मला कोणी कळवले नव्हते. काकूंचे म्हणणे असे की माझा फोन कपाटात असतो हे त्यांना माहीत होते, त्यांनी कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या आणि तीनपर्यंत ताप उतरला. मी त्या दिवशी त्यांच्यावर रागावले आणि माझा राग योग्य होता असे मला आजही वाटते, कारण त्या दिवसांत लहान मुलाचा ताप ही वहीत लिहून ठेवण्याची गोष्ट नव्हती. चाचणी निगेटिव्ह आली, पण ते दोन दिवस माझ्या पोटात गोळा होता. त्यानंतर प्रत्येक पालकाच्या कामाच्या जागेचा टेबलावरचा दूरध्वनी क्रमांक काकूंनी भिंतीवर खडूने लिहून घेतला. माझ्या वॉर्डाचा, पतीच्या लॉबीचा (गाडीचालकांच्या हजेरी कचेरीचा), पोलीस ठाण्याचा. तुम्ही मूल ठेवणार असाल तर आपला क्रमांक त्या भिंतीवर लागला आहे, हे स्वतः पाहून घ्या.

दुसरी उणीव अशी की येथे काकूंना पर्याय नाही. सप्टेंबर २०२० मध्ये त्या स्वतः आजारी पडल्या तेव्हा सतरा दिवस दार बंद होते, मला बिनपगारी रजा घ्यावी लागली आणि पतीने दोन सहकाऱ्यांना विनवून कॉल बदलून घेतले. आता त्यांच्या मदतीला एक मावशी आल्या आहेत, लेवा बोलीत गोड बोलणाऱ्या. ‘‘काय व माय, जेवली का तू?’’ असे मुलांबरोबर मलाही विचारतात. तरीही पहाटे आणि रात्री काकू एकट्याच असतात. ओसरीवर मे महिन्यात कूलर चालू असूनही उकाडा असह्य होतो, आणि भुसावळचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. शौचालय एकच आहे. आजारी मुलाला केव्हा आणावे आणि केव्हा आणू नये, याचा लेखी नियम अजूनही नाही. तो असावा, असे मी दर जूनमध्ये सांगते.

राज्य सरकारने १ डिसेंबर २०२१ पासून शहरांतील पहिली ते सातवीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी दिली, तेव्हा माझा मुलगा दुसरीत होता आणि शाळेच्या बाकावर पहिल्यांदाच बसत होता. शाळा उघडली म्हणजे आमचा प्रश्न सुटेल असे सगळ्यांना वाटले होते, पण प्रत्यक्षात तो अधिक गुंतागुंतीचा झाला. आमच्या शाळेत मुले हजेरी क्रमांकाप्रमाणे एक दिवसाआड येत आणि वर्ग तीन तासच भरे. जानेवारीत पुन्हा बंद झाले, २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा उघडण्याची मुभा मिळाली. बदलती पाळी, अनिश्चित कॉल आणि एक दिवसाआड शाळा या तिन्हींचा मेळ काकूंनी एका दिनदर्शिकेवर बसवला. माझी पाळी लाल पेन्सिलीने, पतीचा कॉल निळ्या, शाळेचा दिवस हिरव्या. आणि ज्या चौकोनात तिन्ही रंग एकत्र येत, त्या दिवशी मुलाला शाळेत सोडायला काकू स्वतः चालत जात. दोन वर्षे ओसरीवर पालथे पडून लिहिण्याची सवय झालेल्या मुलाला बाकावर ताठ बसता यावे, म्हणून त्यांनी आदल्या पंधरवड्यात एक जुना पाट दोन विटांवर ठेवून त्याला रोज अर्धा तास त्यावर लिहायला बसवले होते. हे मी त्यांना सांगितले नव्हते.

सध्याचे शुल्क दिवसाच्या पाळीसाठी महिना ३,००० रुपये आहे आणि रात्री मूल ठेवायचे असल्यास प्रत्येक रात्रीचे १५० रुपये वेगळे पडतात. टाळेबंदीच्या काळात काकूंनी शुल्क वाढवले नाही, आणि दार बंद असलेल्या सतरा दिवसांचे पैसे मी दिले तेव्हा त्यांनी अर्धे परत केले. जेवण घरचे व साधे असते: वरण-भात, भाकरी, खिचडी, हंगामात भरीत, आणि केळी बाराही महिने. दीड वर्षाखालील मूल त्या घेत नाहीत. ज्यांची नोकरी दहा ते सहाची आहे त्यांना शहरात याहून ऐसपैस आणि रंगीत भिंतींची पाळणाघरे मिळतील, आणि त्यांनी तीच पाहावीत. येथल्या मोजक्या जागा रेल्वे, रुग्णालय, पोलीस, वीज केंद्र येथे पाळीने राबणाऱ्यांसाठी राहाव्यात, असे मला मनापासून वाटते.

जागा पाहायला जायचे असेल तर दुपारी चार ते पाच या वेळेत जावे, कारण तेव्हा मुले झोपेतून उठलेली असतात आणि काकूंना बोलायला सवड असते. लाल वही मागून पाहावी. आता सातवी वही चालू आहे आणि जुन्या सहाही त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर जपून ठेवल्या आहेत.