नेट झकास, पण तो डबा! (वर्षभर वापरून झाल्यावर)

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरी कंपनीच नाही, उद्या पुन्हा यांनाच फोन लावायचाय. प्लॅन नेहमीचाच: १०० एमबीपीएस, ६९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८२५च्या घरात. स्पीडबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्यांच्या पांढऱ्या डब्याबद्दल (फायबरची वायर ज्यात येते आणि वायफाय ज्यातून निघतं तो मोडेम-राउटर), आणि त्याहून जास्त त्याच्या अ‍ॅडॅप्टरबद्दल.

पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट सारखी ये-जा करत होती, त्यात अ‍ॅडॅप्टर उडाला. डबा ठणठणीत. कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या, "सर, अ‍ॅडॅप्टर वेगळा मिळत नाही. पूर्ण डिव्हाइस बदलावं लागेल, पंधराशे रुपये." अहो ताई, डबा तुमचा, डिपॉझिट माझं, ते तुमच्याकडेच पडून आहे, आणि वर पुन्हा पंधराशे? "सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही सर."

डबा उलटा केला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: १२ व्होल्ट, १ अँपिअर. पिन नेहमीची गोल. स्टेशनजवळच्या दुकानात सीसीटीव्हीसाठी विकतात तोच अ‍ॅडॅप्टर, १८० रुपये. दुकानदाराने २ अँपिअरचा दिला. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी डबा लागेल तेवढाच करंट ओढतो. घरी लावला, फायबर जोडलं गेल्याचं दाखवणारा पॉनचा दिवा जरा लुकलुकला, स्थिरावला, नेट सुरू. १८० विरुद्ध १५००! आठवडाभर मी घरात दुसरं काही बोललो नाही. शेवटी बायकोने हात जोडले.

तिथून मी डब्याच्या मागेच लागलो. स्टिकरवरच्या पासवर्डने वायफायचं नाव बदलता येतं, बाकी सगळं कुलूपबंद. वायफायचे दोन पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, एकाच नावाखाली कोंबलेले, वेगळे करायची सोय नाही. आमचा जुना प्रिंटर फक्त २.४ ओळखतो, लहर लागली तर जोडला जातो. अ‍ॅडमिन पासवर्ड मागितला की उत्तर ठरलेलं: सिक्युरिटी.

बाजारातून स्वतःचा आणावा, तर पलीकडच्या टोकाला असलेलं कंपनीचं यंत्र घरातला डबा सिरियल नंबरवरून ओळखतं. नंबर त्यांनी नोंदवला नाही तर कितीही महागाचा आणा, नेट येत नाही. नोंदवायचा की नाही, त्यांची मर्जी. मावसभाऊ जर्मनीत असतो. तिथे १ ऑगस्ट २०१६पासून स्वतःचा राउटर लावायचा हक्क कायद्यानेच आहे, लॉगिनची माहिती कंपनीला द्यावीच लागते. घर बदललं तरी पठ्ठ्या आपला फ्रिट्झबॉक्स राउटर बगलेत मारून नेतो.

आणि सोडून जाणार कुठे? सोसायटीने डक्टमध्ये एकालाच वायर टाकू दिलीय. केबलवाल्याचं नेट गच्चीवरून येतं, पाऊस आला की जातं. सेक्रेटरी म्हणतात, भिंतीला आणखी भोकं नकोत.

इथवर लिहून दोन तारे देणार होतो. पण मध्येच उंदराने जिन्यातली वायर कुरतडली, सिग्नल तुटल्याचा एलओएस दिवा लाल. लाइनमन त्याच दिवशी हजर. पायरीवर मशीन ठेवलं, केसाएवढी काच सोलली, स्पिरिटने पुसली, टोक कापलं. मशीनच्या स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आली, बारीकशी ठिणगी, जोड तयार. मग पॉवर मीटर लावून मला सिग्नलच्या जोराचा आकडा दाखवला: उणे २१ डीबीएम. "उणे २७च्या खाली गेलं की कटकट सुरू होते, काका." तेवढ्यात मी विचारून घेतलं, बाबा रे, डबा ब्रिज मोडला टाकून देशील? कस्टमर केअरच्या मते असं काही नसतंच. याने ऑफिसला एक फोन केला, काम झालं. आता डबा फक्त फायबरवरचं नेट लॅनच्या वायरीत देतो, बाकी सगळं त्याला जोडलेला माझा स्वतःचा राउटर बघतो. प्रिंटर सुतासारखा सरळ. तिसरा तारा या पोराचा.

ब्रिज केल्यावर राउटरमध्ये आयपी, म्हणजे नेटवरचा आपला पत्ता, दिसला, १०० आकड्याने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असला की तो अनेक गिऱ्हाइकांच्या सामायिक आयपीमागचा असतो, बाहेरून घरचा कॅमेरा थेट उघडत नाही. स्टॅटिक, म्हणजे कायमचा स्वतःचा आयपी हवा तर पैसे वेगळे. ते मी देणार नाही.

ब्रिज करून घेणार असाल तर डब्याला लँडलाइन जोडलीय का ते आधी बघा. आमची बंद पडली, आणि सासूबाईंचा रोजचा फोन आता माझ्या मोबाइलवर येतो.