वजा ७९ ला मी डिस्टिंक्शन समजलो

बासष्ट हजार रुपये. नेटची डिश लावून देतो म्हणणाऱ्या एका भामट्यानं ते माझ्याकडून काढले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी "नेमके किती गेले हो?" असं विचारायला नको. पहिल्यांदा ३८,५००, मग ४,२००, मग ११,८००, मग ७,५००. चारही वेळा माझ्याच बोटानं, माझ्याच फोनवरून.

काटोल-नरखेडपासून वरुड-मोर्शीपर्यंतच्या संत्रापट्ट्यात आमचं गाव. कोणतं ते लिहीत नाही, आधीच पुरेसं हसं झालंय. मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, सगळं. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' असा बोर्ड मीच दुकानावर रंगवून घेतलाय, हेही लिहून ठेवतो, कारण आता येणारा प्रत्येक जण त्या बोर्डाकडे बघून माझ्याकडे बघतो.

गावात माझ्या सिमला एक काडी, फार तर दोन. नऊ किलोमीटरवर तालुक्याला साळ्याचं दुकान, तिथं फायबर. त्याच्या स्लॅबवर एक डिश, माझ्या स्लॅबवर एक, आणि हवेतून नेट. कल्पना चुकीची नव्हती. नीट लावलं तर नऊ किलोमीटर म्हणजे काही फार नाही. लावणारा मात्र बघून घ्यायचा असतो.

माझा लावणारा नागपूरहून आला. कार्डावर 'वायरलेस कन्सल्टंट', जिभेवर साखर. मे महिना, स्लॅबवर पाय ठेवता येत नव्हता. मी स्वतः त्याला ताक नेऊन दिलं. दोन तास पाइपाला पाना लावून झाल्यावर त्यानं टाकीच्या सावलीत लॅपटॉप ठेवला आणि स्पीड टेस्ट लावली. काटा सरकत सरकत २२ वर गेला. मी तर टाळीच वाजवली.

आता ऐका. डिशची केबल त्याच वेळी स्लॅबवर पडलेली होती. उन्हात वितळेल म्हणून मी ती उचलली, कोपरावर गुंडाळली, तिचं वेटोळं पाइपाला टांगलं. म्हणजे केबल माझ्या हातात, आणि लॅपटॉपवर २२ एमबीपीएस! नेट त्याच्या खिशातल्या फोनच्या हॉटस्पॉटवरून येत होतं. त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं, ते आमच्या स्लॅबवर झकास पकडते. तेच सिम घेतलं असतं तर डिशची गरजच नव्हती, असं बायको म्हणते. त्यावर मी बोलत नाही.

मग त्यानं स्वतःच्या आखूड वायरीनं डिश सुरू केली, तिचं पेज उघडून सिग्नल दाखवला. -७९. "काका, शंभरपैकी एकोणऐंशी. डिस्टिंक्शन!" आकड्याच्या आधीची ती आडवी रेघ मला दिसली होती, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, नुसता डॅश असेल. मी बी.कॉम. आहे, वजाबाकी येते मला. पण समोरचा इतक्या खात्रीनं बोलत होता की विचारायची लाज वाटली. हा आकडा वजामध्येच असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. त्या डिशच्या जोडीला नऊ किलोमीटरवर वजा ५७ च्या आसपास मिळायला हवं होतं. फरक २२ डेसिबलचा, म्हणजे यायला पाहिजे त्या ताकदीच्या शंभराव्या हिश्शाएवढंही येत नव्हतं. आणि मी पेढे वाटले.

रात्री केबल जोडली तर तीन आठवडे रखडत का होईना चाललं. व्हॉट्सअ‍ॅप जायचं, पीडीएफ अडकायची. म्हणूनच शंका आली नाही, हे समजून घ्या. पूर्ण बंद असतं तर पहिल्याच दिवशी गचांडी धरली असती. "अ‍ॅडॅप्टर जळला", ४,२००. मृग लागला, पाऊस आला, लिंक दिवसातून दहादा तुटायला लागली. "काका, पावसानं सिग्नल धुतल्या जातो. आणि तुमची फ्रिक्वेन्सीची लायसन्स फी बाकी आहे, दिल्लीहून माणूस आला तर डिश जप्त करते." ११,८००. ज्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात या डिश चालतात, तो केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्येच लायसन्समुक्त केलाय. ठरलेल्या ताकदीच्या आत राहा, फी-बी काही नाही. कोणी मागितली तर तिथंच थांबा. मी थांबलो नाही. वर ७,५०० चा 'बूस्टर' घेतला. तो निघाला डिशला वायरीतून करंट देणारा साधा पीओई अ‍ॅडॅप्टर, स्टिकर खरवडलेला. बिल मागा, पक्कं बिल. "जीएसटी वाचवून देतो काका" म्हणाला तेव्हा मीच खूश झालो होतो.

जुलैच्या शेवटी विम्यासाठी दारात रांग आणि माझ्या स्क्रीनवर चक्री. "काहून भाऊ, तुमची छत्री बसली का?" असं विचारणारे वेगळेच.

पोळ्याला भाचा आला, पॉलिटेक्निकचा. दहा मिनिटांत त्यानं माझी अब्रू काढली. डिशच्या सेटिंगमध्ये कुठल्यातरी लॉजचं नाव, म्हणजे 'नवीन पेटीपॅक' माल उतरवलेला जुना. केबलची तार ब्लेडनं खरवडली तर तांब्याखाली पांढरं, अ‍ॅल्युमिनियम. टोकाच्या पिना हिरव्या पडलेल्या, कारण वायर वरून सरळ आत घेतलेली. आत शिरण्याआधी खाली झोळ दिला असता तर पाणी तिथंच गळून गेलं असतं. माल घेताना ब्लेड सोबत ठेवा.

मग साळा तिकडच्या स्लॅबवर, आम्ही इकडे, फोन कानाला. डिश बोटभर सरकव, थांब, आकडा सांग. ७९ चे ८८ झाले, वाटलं उरलंसुरलंही गेलं. आणखी दोन बोटं सरकवली आणि एकदम वजा ६४! डिशच्या मुख्य झोताच्या बाजूला फिके झोत असतात. त्या भामट्यानं आमची डिश तसल्या फिक्या झोतावर कसून ठेवली होती. पहिला सिग्नल दिसला की पाना आवळणाऱ्याला पैसे देऊ नका.

वजा ५७ पर्यंत पोचायला नडलं ते मधलं सागवान. मधल्या टेकाडावरून तिकडचा टॉवर दिसतो, म्हणून मार्ग मोकळा असं तो म्हणाला. नऊ किलोमीटरच्या मध्यावर या लहरींना दोन डिशमधल्या रेषेभोवती सगळीकडून जवळपास अकरा मीटर जागा लागते, निदान साडेसहा तरी मोकळी हवी. मे महिन्यात सागाला पान नसते. पावसानंतर सुपाएवढी पानं, तीही ओली. पाऊस एवढा नडत नाही, ओली पानं नडतात. तो नागपूरचा, पण मी तर या मातीतला ना!

तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो. "माल भेटला ना तुमाले? मग फसवणूक कशी? दिवाणी दावा करा." दुसऱ्यांदा गेलो, तीन तास बाकड्यावर. "पैसे ऑनलाइन गेले, हे सायबरचं हाय, जिल्ह्याले जा." जिल्ह्याला गेलो, दिवसाची कमाई बुडाली, एसटीचं भाडं वेगळं. तिथं म्हणे डिश ही वस्तू, हे सायबर होत नाही, ठाण्यातच जा. तिसऱ्यांदा ठाण्यात, तर साहेब गणपतीच्या बंदोबस्तात. तिथल्या एकानं विचारलं, "तुमचं सेवा केंद्र हाय ना? पोरीचं डोमिसाईल काढून द्या बरं." काढून दिलं. फुकट. माझ्या अर्जाची पोच मात्र अजून मिळालेली नाही.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढे सरकलेली असते. मी अडीच महिन्यांनी जागा झालो. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी करतोय. बिल नाही, पण फोनवरच्या पावत्या आहेत, आणि त्या -७९ चा फोटो आहे. पेढ्याच्या डब्यासोबत काढलेला.

त्यानं मला ब्लॉक केलंय. भाच्याच्या फोनवर परवा त्याचं स्टेटस दिसलं: '९ कि.मी. सक्सेसफुल लिंक, संपर्क करा'. फोटो माझ्याच स्लॅबचा आहे. पाइपाला केबलचं वेटोळं टांगलेलं दिसते, मी गुंडाळलेलं.