खालची कवळी: बार की बटण?

खालच्या जबड्याच्या हाडात दोन इम्प्लांट, म्हणजे कवळीला आधार देणारे स्क्रू, बसवायचं नक्की झालं की उरलेला प्रश्न किरकोळ वाटू लागतो: कवळी त्यांना अडकवायची कशाने? डेंटिस्ट नमुने समोर ठेवतात, सगळेच चकचकीत दिसतात, आणि आपण "तुम्ही म्हणाल ते" म्हणून मोकळे होतो. मीही तेच केलं. पाच वर्षं बार (दोन्ही इम्प्लांटना जोडणारी दांडी) वापरला, आता चार वर्षं बटण (प्रत्येक इम्प्लांटवर एक) वापरतोय. दोन्ही एकाच तोंडात, त्याच दोन इम्प्लांटवर, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

दोन इम्प्लांट पुरतात का, ही शंका आधी बाजूला ठेवा. २००२ साली मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय असावा, असं एकमताने मांडलं होतं. माझा अनुभव त्याच्याशी जुळतो.

बारबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरं आहे. दोन इम्प्लांटना जोडणारी धातूची दांडी, आणि कवळीच्या आतली क्लिप तिच्यावर घट्ट बसते. पकड उत्तम. साध्या कवळीत माझी जीभ सतत खालची कवळी दाबून धरायची. बार लागल्यावर महिन्याभरात तिची ती सवय सुटली. इम्प्लांट एकमेकांपासून बरेच कलते असतील किंवा डेंटिस्टना ते एकमेकांना बांधून ठेवणं सुरक्षित वाटत असेल, तर बारला तोड नाही, असं मलाही वाटतं.

पण दांडी आणि हिरडी यांच्यामध्ये एक फट असते. माझ्यासाठी सगळा निर्णय त्या फटीने केला.

फट जेमतेम दोन मिलिमीटरची. अन्न तिथे शिरतंच, आणि ब्रश वरून फिरवून ते निघत नाही. कडक टोकाचा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, पुढून दांडीखाली ओवायचा, जिभेच्या बाजूने बोटाने पकडायचा आणि मागेपुढे ओढायचा. रोज रात्री चष्मा लावून मी आरशासमोर उभा. डाव्या हाताने खालचा ओठ ओढून धरलेला, तोंडात लाळ साचलेली, आणि फ्लॉसचं टोक प्रत्येक वेळी फटीच्या शेजारी आपटायचं. बरा दिवस असेल तर पाच मिनिटं, नाहीतर पंधरा. प्रवासात, आजारपणात, पाहुणे असताना ते राहून जायचं. तिसऱ्या वर्षी हिरडी खालून फुगून दांडीला टेकली. क्लिप बसवताना कळ यायची. डेंटिस्टनी दांडी स्क्रू काढून बाहेर घेतली आणि उलटी करून दाखवली. वरची बाजू आरशासारखी, खालच्या बाजूला काळपट, दगडासारखा थर. मी रोज घासत होतो ती फक्त वरची बाजू. त्यानंतर मी दुप्पट काळजी घेतली, तरी दोन वर्षांनी पुन्हा तेच.

मग बार उतरवून बटणं बसवली. माझे इम्प्लांट बऱ्यापैकी सरळ होते म्हणून हे सहज जमलं. दोन इम्प्लांटमध्ये मिळून साधारण २० अंशांपर्यंतचा कलाचा फरक बटणाला पकडणारी कवळीतली नेहमीची चकती सांभाळून घेते. त्याहून जास्त कल असेल तर वेगळ्या चकत्या येतात.

मी म्हणतोय ती लॉकेटर जातीची बसकी बटणं. हिरडीतून जेमतेम वर आलेलं बटण आणि कवळीत धातूची टोपी, टोपीत नायलॉनची चकती. टिचबटणासारखं टक् करून बसतं. चकतीच्या रंगावरून पकड ठरते: निळी साधारण ७०० ग्रॅम, गुलाबी जवळपास १.४ किलो, पारदर्शक सव्वादोन किलो. मला आधी गुलाबी दिली. बोटांचे सांधे दुखत असल्यामुळे कवळी काढताना नखं दुखून यायची. निळी लावली आणि प्रश्न मिटला. खुर्चीत बसल्या बसल्या, काही मिनिटांत.

बटणाचंही एक दुखणं आहे, ते लपवत नाही. डोक्यावर मधोमध खळगा असतो, त्यात कण अडकला की कवळी नीट बसत नाही. अशा वेळी दात दाबून ती बसवायला गेलं की चकती फाटते. खळगा ब्रशने साफ करायचा आणि कवळी बोटांनीच दाबायची, एवढी सवय लागते. चकती झिजते, बदलावी लागते. माझी साधारण वर्षभर टिकते. ती वारंवार झिजत असेल, तर मात्र चकतीला दोष न देता कवळी मागच्या बाजूला हिरडीवर डुलते का, ते तपासून घ्या. हाड झिजलं की ती डुलते, आणि सगळा ताण चकतीवर येतो.

अडकवायचे आणखी दोन प्रकार आहेत, बॉल आणि मॅग्नेट. गोल डोक्याचा बॉल मी वापरलेला नाही. साफ करायला तो सोपा दिसतो, पण त्याला उंची जास्त लागते आणि कवळी तिथे पातळ पडते. ज्यांना हाताने फारसं काही उचलता येत नसेल त्यांना मॅग्नेट सोयीचं, पकड मात्र बेताचीच.

उंचीचं विचारून घ्याच. हिरडीपासून दातांच्या टोकापर्यंत बारला साधारण १२ ते १४ मिलिमीटर जागा लागते, बटणाचं ८-९ मध्ये भागतं. जागा कमी असेल तर निवड तिथेच होते.

जागा असेल, हाड चांगलं असेल आणि डेंटिस्ट दोन्हीला तयार असतील, तर एक करा. नमुन्यावरची कवळी स्वतःच्या बोटांनी काढून-लावून बघा. मग नमुन्यातल्या बारखालून फ्लॉस ओवून बघा, तोही आरशात बघत, एका हाताने.